तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आणि किराणा दुकानाचं काउंटर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातलं वडिलांचं किराणा दुकान आता मुलगा बघतो. पावसाळ्यात एक जुन्या गिऱ्हाईक बाई अर्धा किलो रवा परत घेऊन आल्या, त्यात अळ्या होत्या. काउंटरवर कामाला असलेला पोरगा चार माणसांसमोर म्हणाला, "आमच्याकडं असला माल नसतो, तुम्हीच घरी नीट ठेवला नसणार," आणि त्यानं भिंतीवरच्या 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडं बोट दाखवलं. बाई गेल्या. मोबाईलवर दुकानाच्या नावाखाली एक स्टार देऊन दोन कडक ओळी लिहिल्या. त्यांच्या अपार्टमेंटमधली आणखी काही घरंही यायची बंद झाली. त्याच सुमारास जवळ एक मोठं मार्ट उघडलंय. लोक भावामुळं गेले की वागणुकीमुळं, आणि परत आलेला माल, उधारी, ऑनलाइन पैसे, नोकर यांचं काय करायचं, असं दुकान बघणाऱ्या त्या मुलानं विचारलंय.

माझं दुकान सोलापूरच्याच पूर्व भागात आहे. माझ्याकडं येणारी घरं यंत्रमाग कामगारांची, विडी वळणाऱ्या बायकांची, आणि आता बँकेत, शाळेत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुला-सुनांची. तुमची वस्ती वेगळी आहे, तरी काउंटर सगळीकडं सारखंच असतं, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

मार्टमुळं तुमचं तेल, साखर आणि साबणाचं गिऱ्हाईक थोडं कमी होणारच. ते मान्य करा आणि त्याच्यामागं धावू नका. पण त्या बाई भावासाठी गेल्या नाहीत. त्या रवा बदलून घ्यायला तुमच्याच दारात आल्या होत्या. त्यांना चार लोकांसमोर खोटं पाडलं, म्हणून गेल्या. इतकी वर्षं काउंटरवर बसून माझं एकच मत पक्कं झालंय: किराणा दुकानातलं गिऱ्हाईक दोन-तीन रुपयांसाठी सहसा तुटत नाही, चारचौघांत कमीपणा आला की तुटतं. वजन, सुटे पैसे, उधारी, परत आलेला माल, कुठलीही तक्रार घ्या. ती मिटवताना समोरच्याची मान खाली जाणार नाही एवढं सांभाळलं, तर बाकीचं पुष्कळ आपोआप सुधारतं.

आता रव्याचं. तुमच्या पोरानं जे उत्तर दिलं ते उद्धट तर होतंच, पण चुकीचंही होतं. रवा, मैदा, बेसन यांत होणाऱ्या किड्याला अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला आपल्या हवेत साधारण महिना-सव्वा महिना लागतो. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळं माल दुकानात स्वच्छ दिसला, याचा अर्थ तो स्वच्छ होता असा होत नाही. बाईंनी चार-आठ दिवसांपूर्वी नेलेल्या रव्यात चांगल्या मोठ्या अळ्या किंवा जाळी असेल, तर ती कीड तुमच्या पोत्यातून किंवा त्याच्याही आधी गिरणीतून आलेली असण्याची शक्यता जास्त. घरच्या डब्यातून किडा चढू शकतो, नाही असं नाही. पण पिशवीची गाठ तशीच असेल तर तोही मुद्दा संपला.

म्हणून क्रम ठरवून टाका. आधी माल हातात घ्यायचा. "आणलंत ते बरं केलंत, बघतो," एवढं म्हणायचं. दुसरा माल द्यायचा किंवा पैसे द्यायचे, जे त्यांना हवं ते. घरी कुठं ठेवला होता, कधी उघडला, हे विचारायचंच असेल तर बदलून दिल्यानंतर विचारा, आणि ते माहितीसाठी आहे असं कळेल अशा आवाजात. गिऱ्हाईक गेल्यावर त्याच पोत्यातला रवा परातीत पसरून बघा. एका घरचा रवा परत आला म्हणजे त्या पोत्यातला माल आणखी पंधरा-वीस घरांत गेलेला असतो. ज्यांचे नंबर आहेत त्यांना स्वतः फोन करा: "काकू, परवाचा रवा एकदा बघून घ्या, काही वाटलं तर बदलून देतो." हा फोन ज्याला जातो तो माणूस मार्टमध्ये जरी गेला, तरी रवा, डाळ आणि पीठ तुमच्याकडूनच नेतो. माझा अनुभव तरी असाच आहे.

पाटी मात्र उतरवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हे स्वच्छ लिहिलंय. सदोष माल विकल्यावर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिली नसेल तर 30 दिवसांच्या आत माल परत घ्यावा लागतो. बिल न देणं हेसुद्धा त्याच यादीत आहे. म्हणजे त्या बाईंनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला असता तर तुमच्या पाटीचा काही उपयोग झाला नसता. चांगला माल केवळ मन बदललं म्हणून परत आणला, तर घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवू शकता. मी सीलबंद माल घेतो. सुटा, उघडलेला घेत नाही, आणि तसं देतानाच सांगतो. पाकीटबंद मालात दोष निघाला तर "कंपनीला फोन करा" असं सांगून गिऱ्हाइकाला वाटेला लावू नका. पाकिटावर कंपनीचा नंबर असतो, तो तुम्ही लावा. एजन्सीवाला बदलून देतोच, नाही दिलं तर त्या एजन्सीचा माल ठेवायचा की नाही याचा विचार करा.

मूळ दुखणं डब्यात आहे, तेही बघा. जुना माल तळाशी असताना वरून नवं पोतं ओतायची सवय बहुतेक दुकानांत असते. तळातली कीड मग कधीच हलत नाही. डबा पूर्ण रिकामा करायचा, पुसायचा, सोलापूरचं ऊन वर्षातले आठ-नऊ महिने कडक आहे, त्यात दिवसभर उलटा ठेवायचा आणि मगच नवा माल भरायचा. पावसाळ्यात रवा, मैदा, बेसन मोठ्या कट्ट्यानं घेऊच नका. भाव दोन रुपये जास्त पडला तरी आठवड्याला संपेल एवढाच घ्या. आणि धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या दुकानात आणू नका. त्यातून निघणारा वायू जीव घेतो, आणि आपल्यापैकी कित्येकांची घरं दुकानाच्याच मागं किंवा वर असतात.

उपवासाच्या भगरीबद्दल हात जोडून सांगतो. नवरात्रात मराठवाड्यात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. दमट हवेत भगरीवर बुरशी धरते आणि ती नुसत्या डोळ्यांना कळेलच असं नाही. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, आषाढीला साबुदाणा आणि भगर किती खपते हे तुम्हाला सांगायला नको. भगर पाकीटबंद, तारीख आणि परवाना नंबर असलेलीच ठेवा. एकादशीला उरलेली सुटी भगर पुढच्या उपवासापर्यंत डब्यात ठेवू नका, आणि भगरीचं तयार पीठ विकू नका. इथं तक्रार आल्यावर बदलून देण्याला काही अर्थ उरत नाही.

काट्याकडं येतो. वजनाबद्दलची तक्रार गिऱ्हाईक क्वचितच बोलून दाखवतं, मनात ठेवतं. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूला दिसला पाहिजे, आणि माल टाकण्याआधी शून्य दिसलं पाहिजे. डोक्यावरचा पंखा जोरात असेल तर हलक्या मालाचा आकडा नाचतो. त्यावेळी घाईनं पुडी उचलली की संशय पक्का होतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच दुकानदारांच्या लक्षात येत नाही. आपला नेहमीचा 30 किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा 5 ग्रॅमच्या टप्प्यानं वजन दाखवतो, आणि त्याच्या पट्टीवर कमीत कमी वजन 100 ग्रॅम असं लिहिलेलं असतं. त्याच काट्यावर 25 ग्रॅम जिरं किंवा 10 ग्रॅम वेलदोडा तोलला तर वजनाचा भरवसा नाही. कधी तुमचं नुकसान, कधी त्यांचं. मसाल्याच्या पदार्थांसाठी छोट्या टप्प्याचा वेगळा काटा घ्या. दोन्ही काट्यांची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून घ्या आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावा. ज्या भिंतीवरून ती पाटी निघेल तिथंच लावलं तरी चालेल. दुकानात बांधून ठेवलेल्या पिशव्यांवर वजन, भाव आणि बांधल्याची तारीख लिहा.

याला लागूनच लहान गिऱ्हाइकाचा मुद्दा आहे आणि तो मला फार जवळचा आहे. दहा रुपयांचं तेल पाऊच, पाच रुपयांची चहाची पुडी, पाव किलो तांदूळ नेणाऱ्या बाईला दुकानात सगळ्यात शेवटी विचारलं जातं. मोठी यादी घेऊन आलेल्या साहेबांसाठी तिला बाजूला उभं केलं जातं. ती बाई दिवसभर विड्या वळून आलेली असते. कारखान्यात माल देताना तिच्या विड्यांची छाट काढतात, वळलेल्या विड्या नाकारल्या की तेवढी मजुरी जाते. तिला पुन्हा तुमच्या काउंटरवर ताटकळत ठेवू नका. जो आधी आला त्याला आधी, मग यादी कितीही मोठी असो. मोठी यादी लिहून घ्या, "अर्ध्या तासात घरी पाठवतो" म्हणा, ते लोक उलट खूश होतात.

भाषेचंही तसंच. आपल्या गावात तुरीच्या डाळीला कुणी कंदिपप्पू म्हणतं, कुणी तोगरी बेळे. रोज लागणाऱ्या वीस-पंचवीस वस्तूंची तेलुगू आणि कन्नड नावं दुकानातल्या प्रत्येकाला यायला हवीत. एखाद्या म्हातारीला मराठी शब्द सापडेना आणि काउंटरवरचा पोरगा हसला, तर ती दुसऱ्या दिवसापासून नातवाला पाठवते, आणि नातू कुठल्याही दुकानात जातो.

ऑनलाइन पैशांची भांडणं हल्ली रोजची आहेत. गिऱ्हाईक म्हणतं पैसे गेले, आपला स्पीकर बोलत नाही, मागं रांग उभी. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यांच्या मोबाईलवरचा स्क्रीन बघून विश्वासही ठेवू नका आणि अविश्वासही दाखवू नका, कारण खोटे स्क्रीनशॉट फिरतात. आपल्या ॲपमध्ये किंवा बँकेच्या मेसेजमध्ये तपासा. तिथं नसेल तर व्यवहाराचा नंबर वहीत उतरवून घ्या. त्यांच्या खात्यातून गेलेले आणि आपल्याला न मिळालेले पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत गेले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे, आणि उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेनं द्यायची आहे. ही माहिती शांतपणे सांगितली की निम्मं भांडण तिथंच मिटतं. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर माल देऊन टाका. अनोळखी असेल तर माल बांधून बाजूला ठेवा आणि "पैसे दिसले की घेऊन जा, मी काढून ठेवलाय" म्हणा. "असं सगळेच म्हणतात" हे वाक्य दुकानातून हद्दपार करा.

सुट्या पैशांऐवजी चॉकलेट देणं बंद करा. गल्ल्यात एक-दोनची नाणी ठेवणं हे दुकानदाराचं काम आहे. दहाचं नाणं वेगळ्या छापाचं आहे म्हणून परत करू नका, सगळे छाप चलनात आहेत हे रिझर्व्ह बँकेनं अनेकदा सांगितलंय.

भावाबद्दलही विचारणा होते. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, तूप अशा बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, तेव्हा लोक पाकिटावरची जुनी छापील किंमत दाखवून विचारत होते आणि कित्येक दुकानांत वाद झाले. भाव बदलला की जास्त खपणाऱ्या दहा वस्तूंचे जुने-नवे भाव एका कागदावर लिहून काउंटरवर लावत जा. विचारायला लागू नये एवढं सोपं ठेवा. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नका. उन्हाळ्यात थंड बाटलीवर 'फ्रीजचे' म्हणून दोन रुपये चढवणं हा गुन्हा आहे.

नोकराबद्दल तुम्ही रागानं लिहिलंय, पण त्या पोराचा विचार करा. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जातो, तो सकाळपासून उभा असतो. त्यानं रवा बदलून दिला असता तर रात्री हिशेबाला तुम्ही त्याला बोलला असता का? याचं उत्तर तोच तुमच्यापेक्षा चांगलं देईल. माझ्याकडं कामाला असलेल्यांना एक ठरलेली रक्कम आहे. तेवढ्यापर्यंतचा माल त्यांनी मला न विचारता बदलून द्यायचा, फक्त वहीत लिहायचं: तारीख, वस्तू, कारण. त्या वहीमुळं कुठल्या गिरणीचा माल सारखा परत येतो ते कळतं, आणि होलसेलवाल्याशी बोलताना हातात कागद असतो. दुपारी दोन तास दुकान बंद ठेवा किंवा त्याला बसायला स्टूल द्या. आणि गिऱ्हाइकासमोर त्याला कधी झापू नका. त्याचाही कमीपणा तोच असतो. दुपारी तुम्ही त्याच्यावर ओरडलात की संध्याकाळी तो आवाज गिऱ्हाइकावर निघतो.

पाण्याचा दिवसही वेळापत्रकात धरा. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्या भागात पाणी असेल त्या वेळी बायका घर सोडत नाहीत, आणि नंतर सगळ्या एकदम येतात. तक्रारी, चिडचिड, चुकीची वजनं, सगळं त्या गर्दीच्या तासात होतं. माझ्या गल्लीत पाणी असेल त्या दिवशी मी फोनवर यादी घेऊन माल घरी पाठवतो. मार्टला तुमच्या गल्लीत पाणी कधी येतं हे माहीत नसतं.

त्या एक स्टारचं उत्तर दोन ओळींत लिहा: रवा खराब निघाला, आम्ही तो तिथंच बदलून द्यायला हवा होता, आमचं वागणं चुकलं, पाटीही काढली आहे. खुलासा नको, पोराचं नाव नको, 'गैरसमज झाला' नको. नातेवाइकांकडून पाच-पाच स्टार टाकून घेऊ नका, वाचणाऱ्याला ते कळतं. त्याआधी मात्र बाईंच्या घरी स्वतः जा. आईंना किंवा पोराला पाठवू नका. रव्याचे पैसे आणि ताजा रवा घेऊन जा, दारातच बोला, आणि तो अभिप्राय काढून टाका असं चुकूनही म्हणू नका. ठेवायचा की काढायचा हे त्यांचं त्या बघतील. त्या लगेच परत येतील असं सांगता येत नाही. अपार्टमेंटमधल्या इतर घरांना मात्र तुम्ही गेला होतात हे संध्याकाळपर्यंत कळलेलं असेल.

शेवटी उधारी. तुमच्या प्रश्नात ती एका ओळीत आहे, पण माझ्या मते बंद झालेल्या घरांपैकी एखादं तरी उधारीमुळंच बंद झालं असेल. ते एकदा वहीत बघा. उधारी द्यायची तर पहिल्याच दिवशी, एकांतात, हद्द सांगून द्यायची. ज्याचा पगार आठवड्याला होतो त्याला आठवड्याची, महिन्याचा असेल त्याला महिन्याची. एक वही तुमच्याकडं, एक छोटी डायरी त्यांच्याकडं, आणि प्रत्येक नोंद दोन्हीकडं त्यांच्यासमोर. "हे मी नेलंच नव्हतं" हा वाद मग उरत नाही. बाकीची आठवण काउंटरवर कधी करायची नाही. अपार्टमेंटच्या किंवा गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सामान न्यायला मूल आलं असेल तर त्याला "मागचे पैसे दे म्हणावं आईला" असं सांगायचं नाही. ते मूल दुकानातून रस्त्यापर्यंत जाताना कसं चालतं ते मी बघितलंय. नंतर ते त्या दुकानाच्या समोरून जात नाही, लांबच्या बोळातून जातं, आणि आईही तोच रस्ता धरते.

ज्यांची बाकी तटली आहे आणि जे यायचे बंद झालेत, त्यांना फोन करून रक्कम आधी सांगू नका. "बरेच दिवसांत आला नाहीत, सामान लागत असेल तर रोखीनं न्या, मागचं सावकाश बघू," एवढं म्हणा. आले की बाकीचे हप्ते पाडा, शंभर-दोनशेचे, पगाराच्या दिवशी, आणि प्रत्येक हप्ता दोन्ही वह्यांत कमी करून दाखवा. चालू सामान तेवढे दिवस रोखीत द्या. दवाखान्यात किंवा कारखाना बंद पडून ज्यांचं घर बसलंय, अशा एक-दोन घरांची बाकी सोडून द्यावी लागते. ती सोडताना त्यांना बोलवून सांगू नका. वहीतलं ते पान तुम्ही बंद करा, आणि पुढच्या वेळी नेहमीसारखं "काय देऊ अक्का" म्हणून विचारा.